नारळ फुटलाच नाही

मित्रांनो, आज गॅरेजमध्ये एका जुन्या क्वालिसला दुसरं इंजिन बसवलं. कोरीट गावच्या एका म्हाताऱ्या बापाने विकलेलं. अपघातात त्याचा मुलगा गेला, गाडी चेपली, इंजिन मात्र शाबूत राहिलं.

बसवलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करताना आमच्याकडे नारळ फोडतात. आज तो बापच नारळ घेऊन आला.

"भाऊ, पोऱ्यानी गाडीना आवाज एक डाव आयकू दे." मुलाच्या गाडीचा आवाज त्याला एकदा ऐकायचा होता.

क्वालिसच्या मालकाने विचारलं, हे कोण? मी खरं ते सांगितलं.

"मरेल माणसनं इंजिन मन्ही गाडीमा नको. काढी टाक." मेलेल्या माणसाचं इंजिन मालकाला नको होतं.

म्हाताऱ्याने नारळ पिशवीत ठेवला आणि निघाला.

मी इंजिन काढायला पाने उचलले. चावी तेव्हा माझ्याच खिशात होती. तुम्ही असता तर एकदा सेल मारून त्याला आवाज ऐकवला असता का?