तंबूतली भूतबाई आणि आमचे केशवराव

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. संध्याकाळी चार माणसं अंगणात टेकतात, कोणीतरी म्हणतं, "मास्तर, ते तंबूतलं सांगा की," आणि एक सांगून होईपर्यंत दुसरा आठवलेला असतो. माझी बायको म्हणायची, तुम्ही तंबूत होता जेमतेम दोन वर्षं आणि सांगताय मात्र जन्मभर! खरं आहे तिचं. पण त्या दोन वर्षांत मी माणसं जेवढी जवळून बघितली, तेवढी पुढे शाळेत शिकवताना कधी बघितली नाहीत.

बोलपट अजून यायचे होते तेव्हाची ही गोष्ट. सिनेमाचा तंबू खानापूरच्या बाबूरावांचा. दोन बैलगाड्या, हातानं फिरवायचं मशीन, गॅसचा दिवा, एक पांढरा पडदा आणि भुताचं एकच पिक्चर. बाबूराव मालक, केशवराव मशीनचा दांडा फिरवणारे, आणि मी पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा, म्हणून तेव्हापासूनच सगळ्यांचा मास्तर. गोष्टही सोपी. मोठ्या बंगल्यातल्या तरुण विधवेला तिचाच दिवाण दागिन्यांसाठी गळा दाबून मारतो. मग पांढऱ्या लुगड्यातलं तिचं भूत बंगल्यात हिंडतं आणि शेवटच्या रिळात दिवाणाचा गळा धरतं. एवढ्या भांडवलावर आम्ही पावसाळा सोडून जोयड्याकडचं सगळं जंगल पालथं घातलं.

*

कुंभारवाड्याला आम्ही तंबूच्या मेखा ठोकत होतो, तेवढ्यात तिथले गावकर आले. गावकर म्हणजे गावचा मान ज्यांच्याकडे ते म्हातारे गृहस्थ. पिक्चर कसलं म्हणून त्यांनी चौकशी केली. बाबूरावांनी मोठ्या अभिमानानं सांगितलं, भुताचं!

गावकर गंभीर झाले. म्हणाले, "आमच्या शिवेत भूत आणलंसा, राखणदाराला इचारलंसा काय?"

राखणदार म्हणजे गावाच्या सीमेचा देव. त्याला विचारायला हवं हे आमच्या मालकांच्या डोक्यात कुठून येणार? शेवटी गावकरांनीच नारळ मागवला आणि झाडाखालच्या दगडापुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. पाहुणी बाई चार दिवस राहील, कुणाला त्रास देणार नाही, तिलाही कुणी त्रास देऊ नये, अशी दोन्ही बाजूंची बोलणी झाली. जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होती. गाऱ्हाण्यात नाव आणि गाव सांगावं लागतं, नाहीतर देवाला कळत नाही कोणाबद्दल बोलणं चाललंय. भुताचं नाव काय म्हणून गावकरांनी मला विचारलं. पिक्चरमध्ये तिला नावच नव्हतं. मी घाईत सुलोचना म्हणून सांगून टाकलं आणि पुढे दोन वर्षं ती सुलोचनाच राहिली.

निघताना गावकर शिवेपर्यंत आमच्याबरोबर चालत आले. रिळांच्या पेटीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, बाई सगळी आत आहे ना? बाबूराव म्हणाले, सगळी आहे. तेव्हा कुठे गाड्या सुटल्या.

*

नंदिगड्ड्याला लाकूडतोडीवरचा एक धिप्पाड माणूस रोज पहिल्या ओळीत येऊन बसायचा. पिक्चरमध्ये ती बाई खोलीचं दार उघडायला जाते आणि दाराआड दिवाण उभा असतो. नेमका त्या वेळी हा उठून ओरडायचा, "आक्का, दार उघडू नगंस! त्यो हाय तितं!" बाई दार उघडायचीच. हा कपाळावर हात मारून खाली बसायचा. सलग तीन दिवस हे चाललं.

चौथ्या दिवशी त्याची जागा रिकामी. सकाळी वाटेत भेटला तेव्हा मी विचारलं, काय हो, आला नाहीत? तो खरोखर दुखावला होता. म्हणाला, "तीन दिस सांगून बघितलं. आयकतच न्हाई. आता आपुन काय करायचं?"

*

मशीनचा दांडा उलटा फिरवला की पडद्यावरचं सगळं उलटं चालतं. बाबूरावांना याची फार हौस. दिवाण बंगल्याच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला विहिरीत ढकलतो, ते झालं की बाबूराव केशवरावांना खूण करायचे. केशवराव दांडा उलटा फिरवायचे आणि म्हातारा विहिरीतून वर उडून काठावर कोरडाच्या कोरडा उभा राहायचा. लोकांचं हसून हसून पोट दुखायचं.

एकदा खेळ सुटल्यावर एक आजोबा मागे थांबले. ते हसले नव्हते. त्यांनी मशीनभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, हे आमच्या विहिरीवर नेऊन लावता येईल काय? आदल्या वर्षी त्यांचा पवळ्या बैल विहिरीत पडून मेला होता. अकरा वर्षं त्यांनी त्याच्याबरोबर नांगर धरलेला.

बाबूराव एरवी फार बोलके, पण नाही म्हणायची वेळ आली की त्यांची बोबडी वळायची. त्यांनी कसंबसं सांगितलं की आजोबा, ज्याचं चित्र काढलेलं असतं त्यालाच हे मशीन परत आणतं.

आजोबांनी जरा विचार केला. "मग आधीच काढून ठेवाय पायजे व्हतं," म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. त्या दिवसापासून बाबूरावांनी ती गंमत बंद केली. पुन्हा ती कधी करायची नाही असं त्यांनी केशवरावांना बजावूनही ठेवलं.

*

आता केशवराव. हे आधीच सांगायला हवं होतं, पण चांगला घास माणूस शेवटी ठेवतो. पिक्चरमधला तो दिवाण म्हणजे आमचे केशवरावच! तरुणपणी एका कंपनीत त्यांनी ते एक काम केलं, कंपनी बुडाली, आणि पोटासाठी ते आपल्याच पिक्चरचा दांडा फिरवायला लागले. जाड भुवया, घारे डोळे, गालावर व्रण. माणूस इतका मऊ की बैलांना पाणी दाखवल्याशिवाय स्वतः चहा घ्यायचा नाही. पण चेहरा दिवाणाचा, त्याला काय करणार?

पहिला खेळ झाला की दुसऱ्या दिवशी गावात त्यांचे हाल सुरू व्हायचे. त्यांना बघून बाया पाणवठ्यावरून घागरी उचलून चालू लागत. दुकानदार तंबाखू संपली म्हणून सांगे आणि मागून मी गेलो की मला देई. नाव तर त्यांचं कुणी घेतच नसे, जो तो "दिवाण" म्हणे. लोंढ्याहून आलेल्या एका व्यापाऱ्याला त्यांनी हात जोडून समजावलं, साहेब, ते नाटक हो, ती बाई पुढे लग्न करून सुखात आहे. व्यापाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण हात तुमचेच न्हवं?"

आम्ही हसायचो, तेही हसायचे. पण एकदा गाडीत शेजारी बसले असताना ते मला जे बोलले ते मी विसरलो नाही. म्हणाले, मास्तर, आई गेल्यापासून मला कुणी जेवलास का म्हणून विचारलेलं नाही. एखाद्या गावात कुणी एकदा विचारलं ना, तर हा धंदा केल्याचं सार्थक होईल. मला त्यांची फार माया वाटली. मी म्हटलं, मी विचारतो की रोज. तर म्हणाले, तुमचा भात करपलेला असतो.

*

अणशीला तंबूच्या मागेच भागाक्काचं घर होतं. एकटी म्हातारी. एकुलती एक लेक घाटाखाली सासरी दिलेली, ती बाळंतपणात गेली. पहिल्या खेळाला भागाक्का पदर तोंडाशी धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती पानावर गरम भात आणि कंदाची भाजी घेऊन आली आणि पडद्यामागे ठेवून गेली. बाबूरावांनी विचारलं, हे कोणाला? ती म्हणाली, "त्या बाईला. मेल्यापास्नं हिंडतीय, कुणी जेवाय घाटलं न्हाई. माझ्या लेकीला तिकडं कुणी घाटलं का, मला म्हाईत न्हाई."

खेळ संपल्यावर पान रिकामं. भागाक्काला कोण आनंद झाला! चार दिवस ती रोज पान ठेवत होती आणि चारही दिवस पान चाटूनपुसून स्वच्छ. भुतानं भात खाल्ला ही बातमी पार कुंभारवाड्यापर्यंत गेली. केशवराव वाटेत दिसले मात्र, की भागाक्का तोंड फिरवायची.

त्याच्या पुढच्या दिवशी केशवरावांना हिवताप भरला. तो त्या रानातला ताप, भलेभले आडवे होत. आम्ही क्विनीन दिलं, पडद्यामागे पेंढा पसरून त्यांना निजवलं, पण दुपारपर्यंत दातखीळ बसायची वेळ आली. गाव गोळा झालं. औषधाचं कुणी बोलेना, सगळ्यांचं एकच म्हणणं, बाईनं धरलं. जिला मारलं तीच ती, सोडेल कशी? पाणी द्यायलासुद्धा कोणी पुढे येईना. मला त्या माणसांचा राग आला आणि केशवराव जातात की काय म्हणून भीतीही वाटली.

गर्दीत भागाक्का होती. तिला बघून केशवरावांनी हात जोडले. थरथरत म्हणाले, "आक्का, त्या बाईचं जेवण मी खाल्लं. चारही दिवस. मला वास सहन झाला नाही."

भागाक्का वळली आणि घरी गेली. बाबूराव मला हळूच म्हणाले, बैल जुंपून ठेवा.

दिवेलागणीला ती परत आली, एका हातात पान आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन. तिनं मला विचारलं, ह्याचं खरं नाव काय, गाव कुठलं? मी सांगितलं, केशव, गाव चिकोडीकडचं. तिनं पान पडद्यामागे नेहमीच्या जागी ठेवलं, पुढे येऊन कोऱ्या पडद्यासमोर नारळ ठेवला आणि पदर खोचून उभी राहिली.

"बाई सुलोचने," ती म्हणाली, "चिकोडीकडचा केशव. ह्येनं तुला मारलं. तुझं जेवणबी ह्येनंच खाल्लं. दोनी गुन्हे ह्येचेच हाईत, मी न्हाई म्हनत न्हाई. पर ह्येलाबी आय व्हती. तुज्या आयनं जे भोगलं त्ये मी भोगलंय, म्हनून तुला सांगाय आले. सोड ह्येला."

मागे उभ्या गावानं एका सुरात म्हटलं, "व्हय."

मग भागाक्का म्हणाली, आता पिक्चर लावा. केशवराव आजारी, म्हणून दांड्यावर स्वतः बाबूराव. मी गोष्ट सांगत गेलो. शेवटचं रीळ आलं. बंगल्याच्या भिंतीतून भूत निघालं, दिवाणाजवळ आलं, त्याचा गळा धरला. त्याचे डोळे पांढरे झाले.

आणि बाबूरावांचा हात थांबला. क्षणभरानं दांडा उलटा फिरायला लागला.

भुताची बोटं एकेक करून सुटली. दिवाणाचे डोळे ठिकाणावर आले. ती हात खाली घेऊन मागे सरली, पाऊल पाऊल करत भिंतीपर्यंत गेली आणि भिंतीत मिसळून गेली. तिच्या या परत जाण्यासाठी माझ्याजवळ एकही वाक्य नव्हतं.

भागाक्का उठली आणि पडद्यामागे गेली. मीही गेलो. केशवराव घामानं भिजून चिंब झाले होते आणि डोळे उघडे ठेवून पडद्याकडे बघत होते. बाईसाठी ठेवलेलं पान भागाक्कानं उचललं, त्यांच्या उशाशी बसली आणि भात कालवता कालवता विचारलं,

"केशवा, जेवलास काय?"