तोलून घेतलेली बॅटरी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. अळणावरजवळच्या माझ्या माहेरच्या गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती.

मी मळमड्डीत घरीच ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकते. ऑर्डरी फोनवर येतात. फोन जुना, मागचं झाकण काढून बॅटरी बदलता येते असा. त्याची बॅटरी दुपारपर्यंतसुद्धा टिकेना. देशपांडे नगरातल्या एक डॉक्टरीणबाई चाळीस भाकऱ्या सांगत होत्या, तेवढ्यात फोन बंद पडला. चार्ज करून परत लावेपर्यंत त्यांनी दुसरीकडं सांगितलं होतं.

म्हणून दुर्गदबैलच्या बाजारात गेले. दुकानदारानं दोन बॅटऱ्या पुढं ठेवल्या, एक साडेतीनशेची, एक साडेपाचशेची. दोन्हींवर बारीक इंग्रजी अक्षरं आणि आकडे. विचारायची लाज वाटली. आमचं किराण्याचं दुकान आहे. नारळ असो, गुळाची ढेप असो, आधी हातावर तोलायचं, जड ते चांगलं, ही सवय लग्नापासूनची. तशाच दोन्ही बॅटऱ्या तोलल्या आणि जड ती, साडेपाचशेची, घेतली.

"चांगली निवडलीत अक्का," तो म्हणाला.

तीन आठवड्यांत ती फुगली. झाकण बसेना. आमचे हे हसले. "तुझ्या हातात काही पण दे, टम्म फुगतंयच की."

मला हसू आलं नाही. भाकरीतून साठवलेले पैसे होते ते. ते परत आल्याशिवाय दुसरी बॅटरी नाही, आणि बॅटरीशिवाय ऑर्डर नाही.

पहिल्यांदा गेले ती सकाळी. "अजून बोहणी नाही अक्का. गल्ल्यातनं आधीच पैसे काढले तर दिवस कसा जायचा?" दुसऱ्यांदा भाकऱ्या आटोपून गेले, तर संध्याकाळ झालेली. "दिवे लागले की. आता लक्ष्मी बाहेर देत नाहीत." तिसऱ्यांदा नेमका शुक्रवार. त्यानं हार घातलेल्या लक्ष्मीच्या फोटोकडं नुसतं बोट केलं. आमच्याकडं सरकारी बसला बायकांना पैसे पडत नाहीत, पण प्रत्येक वेळी अर्धा दिवस गेला.

जास्त राग याचा, की मला उत्तर देता येईना. आमच्या दुकानातही हेच चालतं. किडकी डाळ परत घेऊन आलेल्या एका बाईला मीच शुक्रवार सांगून पाठवलं होतं. ती परत आली नाही. तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं.

मग बुधवारी दुपारी जाऊन त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिले. एकानं चार्जर घेतला, पैसे दिले. दुकानदारानं नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकली. मी उठले आणि बॅटरी काचेवर ठेवली.

"बोहणी झाली. दिवे लागायला वेळ आहे. आज बुधवार." आवाज फार बारीक निघाला, म्हणून परत एकदा म्हटलं.

"अक्का, तुम्ही तोलून घेतलीत. मी बघितलं की. बॅटरी म्हणजे काय गूळ आहे?"

"बघितलंत तर तेव्हाच सांगायचं होतं."

त्यानं बॅटरी उलटी करून बघितली. "जुनीवरचे आकडे बघून त्याच्याशी जुळणारी घ्यायची असते."

मी जुनी बॅटरी पिशवीतून काढून शेजारी ठेवली. इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. नवीवरचा मोठा आकडा जुनीच्या दुप्पट होता.

"एवढ्याशा डबीत दुप्पट वीज मावते?"

"छापून येतंय तसं आम्ही विकतो," तो म्हणाला आणि पाचशेची नोट पुढं केली. "घ्या. पन्नास वापरल्याचे."

मी नोट घेतली नाही आणि काचेवरचा हातही मागं घेतला नाही. मागं दोन गिऱ्हाईकं येऊन उभी राहिली. त्यातला एक म्हणाला, "देऊन टाक की अण्णा, त्या किती वेळ उभ्या राहतील?"

त्यानं गल्ला परत उघडला आणि पाचशेच्या नोटेवर दहाच्या पाच नोटा एकेक करून ठेवल्या. मी त्या तिथंच मोजल्या. साडेपाचशे पुरे होते.