बंद घरांवरचं आकाश

पौषातली रविवारची सकाळ होती. मी दुसरा चहा ठेवत होते आणि अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं वारा, ट्रॅक्टरची घरघर आणि एका बाईचा दबका आवाज. "निर्मलाताई का? मी सखूबाई बोलायलेय. बाईंच्या गावची. आमी हिकडं कारखान्यावर हाव." मला पटकन ओळख लागेना. मग ती म्हणाली, "दोन दिस झाले, बाईंचा फोटो आला न्हाई. फोन बी उचलनात. तुमी जरा बघता का?"

बाई म्हणजे माझी मैत्रीण पद्मिन, त्यांच्या गावच्या शाळेतली शिक्षिका. तिनं रोज पाठवायचा फोटो आला नाही, हे शंभरेक कोसांवर उसाच्या फडात उभ्या असलेल्या बाईच्या ध्यानात आलं होतं. मी बीडमध्ये, एसटीनं तिच्यापासून दीड तासावर, आणि माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी तीन आठवड्यांत तिला फोन केला नव्हता, तो का, ते पुढं सांगते. तिच्या शेजारी राहणाऱ्या नामदेवमामांचा नंबर माझ्याकडं होता. मामा म्हणाले, बघून येतो. दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. पद्मिन खाटेवर होती, गळ्यापर्यंत शाल ओढून, कुशीवर वळून झोपल्यासारखी. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्याला दोन रात्री उलटल्या. शनिवारी शाळेला सुटी होती, दुसरे गुरुजी शुक्रवारीच गावाला गेले होते. गावात होतं कोण म्हणून कुणाला कळणार?

आमची ओळख डी.एड.च्या वसतिगृहातली. ती नांदूरघाटची, शेतकऱ्याची लेक, मी बीडची. एका खोलीत दोन वर्षं काढली आम्ही. तिचं लग्न माझ्याआधी झालं आणि दीड वर्षात ट्रकच्या अपघातात नवरा गेला. त्याच वर्षी तिला नोकरीची ऑर्डर आली, वडवणीच्या पलीकडं डोंगराच्या कडेला असलेल्या एका लहान गावात. भाऊ म्हणाला, नांदूरघाटला राहा, येऊन-जाऊन कर. ती म्हणाली, बघू. आणि शाळेच्या मागं दोन खोल्या घेऊन ती तिथं राहिली ती शेवटपर्यंत.

ते गाव ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. दिवाळी झाली की ट्रक, ट्रॅक्टर येतात. भांडी, अंथरुणं, शेळ्या, कोंबड्या, कडेवरची लेकरं सगळं त्यात चढतं, आणि दोन-तीन दिवसांत गल्लीच्या गल्ल्या कुलूपबंद होतात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि त्यांच्याजवळ ठेवलेली थोडी पोरं. माझा मुलगा मोठा झाल्यावर मी पहिल्यांदा डिसेंबरात तिच्याकडं मुक्कामाला गेले तेव्हा संध्याकाळी सातला दारात उभी राहिले आणि मला भीतीच वाटली. अंधाराची नाही, आवाज नसण्याची. एक कुत्रं तेवढं भुंकत होतं, आणि तेही कुणावर भुंकावं हे न कळल्यासारखं थांबून थांबून.

"सहाला जेवण होतं माझं," पद्मिन म्हणाली. "मग पुढं करायचं काय, सांग तूच."

त्याच हिवाळ्यात तिनं शाळेच्या कपाटातली दुर्बीण काढली. कुठल्याशा योजनेतून आलेली, हातभर लांबीची, खोक्यातून कुणी बाहेरच न काढलेली. ती जोडायला तिला चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या संध्याकाळी तिनं चंद्र पाहिला आणि दुर्बिणीच्या काचेला मोबाइल लावून फोटो काढला. तो मला पाठवून लिहिलं, ओळख. पांढरा, फुगलेला, कडा नसलेला गोळा होता. मी लिहिलं, इडली. तासाभरानं तिचा हसणारा चेहरा आला. सोबत दुसरा फोटो होता. त्यात पडद्यावर बोट दाबून तिनं उजेड कमी केला होता आणि अर्ध्या चंद्राच्या कडेला खड्ड्यांच्या सावल्या दिसत होत्या. मी तो माझ्या मुलाला दाखवला. तो म्हणाला, हा नेटवरचा आहे. मला त्याचा राग आला होता, आठवतं.

पुढं तिनं पगारातून मोठी दुर्बीण घेतली. पुण्याहून आणताना कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. ती म्हणाली, "काच हाय, मी मांडीवर घेते." आणि ते पिंपासारखं नळकांडं मांडीवर घेऊन ती बीडपर्यंत आली, पाय सुन्न झाले म्हणून माझ्या घरी तासभर भिंतीला टेकून बसली. लॅपटॉप घेतला, जुना कॅमेरा घेतला. गुरू ग्रहाचा मिनिटभराचा व्हिडिओ काढायचा, त्यातली थरथर नसलेली चित्रं निवडून संगणकाला एकावर एक रचायला लावायची, मग त्यातून गुरूचे पट्टे वर यायचे. हे ती मला फोनवर समजावून सांगायची, आणि मी हं हं म्हणत भाजी निवडायची. तिच्या शाळेजवळच्या गंगूबाईनं मात्र तिला उलटं शिकवलं. "त्या सात चांदण्यांला आमी म्हातारीचं बाजलं म्हन्तो. चार पाय बाजल्याचे, अन् मागचे तीन चोर." पद्मिननं सप्तर्षींचा फोटो काढून तिला दाखवला. गंगूबाईनं पडद्यावर बोटानं चोर मोजले आणि समाधानानं मान हलवली.

चार वर्षांपूर्वी जानेवारीत पद्मिन म्हणाली, "आपण कारखान्यावर जाऊ. गाव हितं नसतं तेव्हाच आकाश चांगलं असतं, अन् गाव येतं तेव्हा धूळ, मग ढग. त्यांना मी कधी दाखवू?" मी रजा काढली. कोल्हापूरकडच्या एका कारखान्याजवळ तिच्या गावची टोळी उतरली होती. पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपड्या, तीन दगडांच्या चुली, भाकरीचा वास. अंधार पडताच तिनं दोन कोप्यांच्या मध्ये दुर्बीण लावली. अष्टमीचा चंद्र होता. दिवसभर ऊस तोडलेली माणसं रांगेत उभी राहिली, काळ्या पडलेल्या हातांनी दुर्बिणीला हात न लावता वाकून बघत. सखूबाई, गंगूबाईची सून, बराच वेळ डोळा लावून होती.

"रिकामंच हाय की समदं. कुनी ऱ्हात न्हाई तिथं?"

"न्हाई," पद्मिन म्हणाली.

"मग कुलूप बी लागत नसंल."

सगळे हसले. सखूबाईही हसली, पण बाजूला होताना ती पद्मिनला म्हणाली, "बाई, आमी कुलूप लावून आलोय. घर कसं हाय, बघून येता का? एक फोटो धाडा." मग दुसरी म्हणाली, आमच्या बी. मग तिसरी. मुकादमानं पहाटे तीनला उठायचंय म्हणून सगळ्यांना झोपायला पिटाळलं. निघताना सखूबाईनं माझाही नंबर घेतला, बाईंचा लागला नाही तर असावा म्हणून.

गावी परतल्यावर पद्मिननं दुसऱ्याच दिवशी दुपारी सखूबाईच्या घराचा फोटो काढून पाठवला. भिंत, दार, कुलूप. सखूबाईला बरं वाटलं, पण पद्मिनला तो फोटो आवडला नाही. "पंचनाम्याचा वाटतो गं," ती म्हणाली. त्या संध्याकाळी ती कॅमेरा आणि तो उभा करायचं तिकाटणं घेऊन त्याच अंगणात गेली. परळीकडच्या बाजूला क्षितिजावर वीजकेंद्राचा जो केशरी उजेड असतो त्याच्या वर मृग नक्षत्र दिसेपर्यंत थांबली. कॅमेऱ्याचं झाकण वीस सेकंद उघडं ठेवलं आणि तेवढ्यात रुमालात गुंडाळलेली बॅटरी भिंतीवरून एकदा हलकेच फिरवली. फोटोत कौलांवर उभा मृग आला, खाली उजळलेलं दार, कुलूप, वाळलेली तुळस, उलटी ठेवलेली बादली. तो फोटो टोळीत फिरला. मग ग्रुप झाला, आणि रोज एका घराची पाळी लागली. सखूबाई मला नंतर म्हणाली, संध्याकाळी भाकरी झाल्या की एका मोबाइलभोवती सगळे बसायचे आणि कुणीतरी विचारायचं, आज कुणाचं घर?

दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट सांगायलाच हवी. पुन्हा सखूबाईच्या घराची पाळी होती. त्या घराला पुढून कुलूप असायचं आणि मागच्या खोलीत गंगूबाई राहायची. पद्मिननं या वेळी मागच्या बाजूनं फोटो घेतला, घरी येऊन तो पाठवला आणि चहा ठेवला. चहा उकळायच्या आत सखूबाईचा फोन. "बाई, मागचं दार उघडं कावून हाय? म्हातारी दिवे लागले की कडी लावती." पद्मिन धावली. गंगूबाई पाण्याच्या हंड्यापाशी पडलेली होती, खुब्याचं हाड मोडलेलं, हाका मारून मारून आवाज बसलेला. जीपनं वडवणी, तिथून बीड. दवाखान्यात मी पोचले तेव्हा पद्मिन बाकावर बसली होती, अंगावर रात्रीचाच स्वेटर.

"वाचली गं ती," मी म्हटलं.

"पाव तास मी तिथंच उभी होते, निर्मले. पंधरा पावलांवर. वर बघत."

गंगूबाई वाचली, आज वॉकर घेऊन चालते. पण त्या दिवसापासून पद्मिन कुठल्याही अंगणात आधी दार वाजवायची, आत कुणी म्हातारं असेल तर जेवलात का, गोळी घेतली का विचारायची, पाणी भरून द्यायची आणि मग तिकाटणं लावायची. कधीकधी त्यात इतका वेळ जायचा की ढग यायचे. त्या दिवशी ग्रुपवर फोटोऐवजी तिचा आवाज जायचा, म्हातारं बरं हाय, आभाळ झालंय.

मी तिला कितीदा तरी म्हटलं, बदली माग, बीडला ये. शेवटचं म्हटलं तेव्हा मी जरा जोरात म्हटलं, हा नाद एकटं पाडणारा आहे. ती शांतपणे म्हणाली, "एकटी तर मी बीडमध्ये बी असंन. तू तुझ्या घरात, मी माझ्या. हितं निदान कुणीतरी वाट बघायलंय फोटोची." ते खरं होतं, आणि खरं असल्याचा मला राग आला.

मग माझ्या मुलाचा साखरपुडा आला. पद्मिन सकाळी आली, जेवली, माझ्या होणाऱ्या सुनेच्या हातात साडी ठेवली आणि चारच्या गाडीनं निघाली. कार्यक्रम संध्याकाळचा. मी दारात अडवलं तेव्हा म्हणाली, आज चंद्र कृत्तिकांच्या पुढून जाणार आहे, आणि आभाळ मोकळं आहे... तीस वर्षांची मैत्रीण, आणि चांदण्यांसाठी निघाली. पाहुण्यांसमोर मला कमीपणा वाटला. रात्री तिचा फोटो आला, खाली लिहिलेलं, "निर्मले, रागावू नको. हे बघ." मी उघडलासुद्धा नाही. नुसतं हात जोडलेलं चित्र पाठवलं, ओळखीपाळखीच्या माणसाला पाठवतो तसं. ते आमचं शेवटचं बोलणं. मधले तीन आठवडे मी तिच्या फोनची वाट पाहत होते, आणि मला वाटतं, ती माझ्या.

तिच्या अंत्यविधीला माणसं थोडी होती. नांदूरघाटहून भाऊ-भावजय, आम्ही चार शिक्षिका, गावातले म्हातारे. गंगूबाई वॉकर टेकत स्मशानाच्या वाटेपर्यंत आली आणि तिथंच खाली बसली. टोळीला येणं शक्य नव्हतं, हंगाम ऐन भरात. नामदेवमामांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला, त्यावर सखूबाईनं सगळं पाहिलं. फोन माझ्या हातात होता म्हणून मला दिसलं, तिच्या मागं अर्धा तोडलेला फड, आणि माणसं कोयते खाली ठेवून उभी. मग नेटवर्क गेलं.

घरी आल्यावर मी तो फोटो उघडला. चंद्राची एक कड जळाल्यासारखी पांढरी झाली होती, आणि तिला चिकटून तीन-चार बारीक, निळसर ठिपके. फार चांगला नव्हता. तिनं याहून कितीतरी चांगले काढलेत. पण मी तो रोज उघडते.

गेल्या आठवड्यात तिच्या भावासोबत मी खोली रिकामी करायला गेले. भाऊ म्हणाला, दुर्बीण तुम्हीच न्या. मी हो म्हटलं, का म्हटलं ते मलाही माहीत नाही, मला ती जोडता येत नाही. भाऊ सामान बांधत होता तेव्हा मी शाळेच्या मैदानात आले. मधली सुटी होती. मागं राहिलेली सात-आठ पोरं शिवाशिवी खेळत होती, नवे गुरुजी व्हरांड्यात कागद बघत होते. मैदानाच्या मधोमध जमिनीत तीन दगड रुतवलेले होते, वर चुना फासलेला. पोरं जीव खाऊन पळत येत आणि त्या जागेपाशी आपोआप वळसा घेत. एकजण तर राज्य येणार हे दिसत असूनही वळसा घेऊन गेला आणि पकडला गेला. मी काय आहे ते बघायला जवळ गेले, एका दगडाशी पाय ठेवला.

"तिथं पाय ठिवू नका," एक मुलगी थांबून म्हणाली. दोन वेण्या, धापा टाकत होती. "दुर्बीन हालती. बाई वरडतेत."

मी पाय मागं घेतला. ती पुन्हा खेळायला पळाली. घंटा होईपर्यंत मी तिथंच कडेला उभी राहिले, आणि भावानं हाक मारली तेव्हा मैदान ओलांडताना मीही वळसा घेऊनच गेले.