खडूवरचा डाग

"एक बटण दाबलं की जहाज दुरुस्त? मग आम्ही काय इथं तीस वर्षं माश्या मारत बसलो का, साहेब?"

जेवणाची सुट्टी होती. गोदीतला साहेब मोबाइलवर लढाऊ जहाजांचा खेळ खेळत होता. तोफगोळ्यानं भोक पडलेली युद्धनौका गोदीत आली, दोन डाव थांबली आणि काही झालंच नाही अशा थाटात लढाईला निघाली. ते बघून वेल्डर आक्काचं डोकंच फिरलं.

"बघा, खेळात दोन डाव पुरतात. तुम्हाला एका पत्र्यासाठी उद्यापर्यंत वेळ पाहिजे. रॉकेल राहू द्या आक्का, रंग मारून मोकळ्या व्हा."

आक्काची रीत ठरलेली. जोडाला बाहेरून खडूचा लेप द्यायचा, आतून रॉकेल लावायचं आणि वाट बघायची. खडूवर डाग उमटला, तर जोड गळका.

"तुमची माणसं बुडाली तर परत डाव मांडता येतो. ह्या जहाजात दोनशे लेकरं झोपणारेत!" असं म्हणत तिनं साहेबाचं मनगट धरलं आणि त्याला जहाजाच्या पोटाशी नेलं. तिथल्या जोडाला सकाळीच रॉकेल लावलं होतं.

पांढऱ्या लेपावर बोटाएवढा काळपट डाग होता. जोड तिचाच, कालचा.

साहेब हसणार होता, पण तिचा चेहरा बघून त्यानं मोबाइल खिशात टाकला.

"माझ्याच थोबाडीत द्यायला पाहिजे," आक्का स्वतःवरच खेकसली. "रंगवाल्याला सांगा, उद्या ये."

तिनं रॉकेल पुसून काढलं, ग्राइंडर उचलला आणि आपलाच जोड घासायला घेतला.