बारा नंबरच्या रस्त्यावर पायी

बत्तीस वर्षं बारा नंबरची बस चालवून ड्रायव्हरसाहेब निवृत्त झाले, तेव्हा रक्तातली साखर वाढली होती आणि पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं होतं. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं.

"या शहरातला खड्डान् खड्डा मला पाठ आहे," साहेब कुरकुरले. "पायी काय नवीन दिसणार?"

"चला तर खरं," बायको म्हणाली. शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणं करायला ती बावीस वर्षं त्याच रस्त्यानं चालत जात होती. ड्रायव्हरची बायको, पण तिला बस लागायची!

दुसऱ्या दिवशी साहेब तरातरा सुटले आणि पहिल्याच थांब्याशी धापा टाकत उभे राहिले. बायको मात्र दहा पावलं मागे कुणाशी तरी बोलत होती. चष्मेवाला शटर उघडता उघडता तिच्या गुडघ्याची चौकशी करत होता. गॅलरीतल्या आजींनी वरूनच विचारलं, "हे कोण गं?"

"आमचे हे. इतकी वर्षं नुसते जायचे, आज थांबलेत."

शाळेच्या भिंतीपाशी रस्ता एकदम वळतो. तिथे साहेबांना गहिवरून आलं.

"इथे तू मला रोज साडेआठला दिसायचीस. मी मुद्दाम हॉर्न द्यायचो. तू मात्र कधी वर बघितलं नाहीस!"

"कशी बघणार? इथे फुटपाथ आहे का? तुमची बस अंगावर यायची. मी भिंतीला चिकटून डोळे मिटून उभी राहायचे."

"मग घरी का नाही बोललीस?"

"तुम्ही इतक्या कौतुकानं सांगायचात, आज तुला हॉर्न दिला म्हणून. बोलणं जीवावर यायचं."

साहेबांचा चेहरा पडला. घरी आल्यावर चहासुद्धा गोड लागेना, आणि तो बिनसाखरेचा होता म्हणून नव्हे. दुपारी ते थेट डेपोत गेले. जेवणाचे डबे उघडून बसलेल्या ड्रायव्हरांना म्हणाले, "शाळेच्या वळणावर भिंतीशी माणसं उभी असतात. गाडी हळू घ्या, आणि हॉर्न देऊ नका रे बाबांनो." कुणी हसलं, कुणी मान डोलावली.

त्या आठवड्यापासून बारा नंबरच्या बहुतेक गाड्या तिथे हळू होतात. एक-दोघे अजून दामटतातच. म्हणून वळण आलं की साहेब बायकोला भिंतीच्या बाजूला घेतात, आपण रस्त्याच्या बाजूनं चालतात. थांबत, गप्पा मारत तासाच्या फेरीला आता दोन तास लागतात. साखर मात्र उतरली आहे.