आप्पांनी टाकलेला शब्द

दिवाळी होऊन गेली तरी सास्तूरवर धुई उतरायची थांबली नव्हती. तुरी फुलावर आलेल्या, आणि ह्या धुईनं फूल गळतंय म्हणून माणसं सकाळी उठल्या-उठल्या आभाळाला शिव्या घालत होती. क्षमाच्या घरी तूर नव्हती. दोन शेळ्या होत्या आणि एक जीप. शेळ्यांखालचं झाडून, लेंड्यांची पाटी उकिरड्यावर रिकामी करून ती जीपची काच पुसायला उभी राहिली. बाहेरून पुसली की आतून ओली, आतून पुसली की बाहेरून.

"हातानं काय डोळे पुसल्यासारखं करायलीस? दाबून पूस," बाप म्हणाला.

"आप्पा, तुमची काच म्हातारी झालीय."

"काच म्हातारी, गाडी म्हातारी, मालक तेवढा जवान," असं म्हणून मच्छिंद्रनं मफलर गुंडाळला आणि पहिली फेरी घेऊन लोहाऱ्याला गेला.

मच्छिंद्रची जीप सास्तूर-लोहारा रस्त्यावर दिवसभर ये-जा करायची. जीपपेक्षा जास्त त्याचा शब्द चालायचा. कुणाची सून दवाखान्यात न्यायची असली की तो कंपाउंडरला सांगायचा, "आपलीच लेक हाय, बसवून ठिवू नका." कुणाचा दाखला अडकला की तहसीलच्या शिपायाला हाक मारायचा. ओळख न सांगता माणूस कुठं पाठवणं म्हणजे त्याच्या लेखी लेकराला अनवाणी उन्हात सोडण्यासारखं होतं.

क्षमा धाराशिवच्या लॉ कॉलेजात तिसऱ्या वर्षाला. दिवाळीच्या सुटीत घरी आलेली. वर्गातल्या बहुतेकांचं ठरलेलं होतं, गावाकडच्या एखाद्या वकिलाच्या हाताखाली काळा कोट घालायचा, तारखा घ्यायच्या. तिला मात्र एकदा बघायचं होतं की मोठ्या ऑफिसात कायद्याचं काम कसं चालतं. एकेक करार माणसं कसा वाचतात, कशावर अडतात, एकमेकांशी काय बोलतात. पुण्यातल्या एका फर्मनं थंडीतल्या इंटर्नशिपसाठी अर्ज मागवल्याचं तिनं मोबाइलवर वाचलं आणि कुणाला न सांगता अर्ज भरला. सांगायचं तरी कुणाला? होस्टेलवरच्या मैत्रिणी म्हणाल्या असत्या, पुण्याचे लोक आपल्याला घेतात व्हय? आईला एकदा सांगून बघितलं होतं.

"इंटर्नशिप म्हंजी गं?" मुक्ताबाईनं विचारलं होतं.

"वकिलाच्या ऑफिसात शिकायला जायचं, महिनाभर."

"पगार?"

"न्हाई."

"खायाला?"

"आपलं आपण."

"फुकाट राबवून घ्यायचं आन् वरून विंग्रजी नाव ठिवायचं," मुक्ताबाई म्हणाली आणि लसूण सोलायला लागली. विषय तिथंच मिटला.

आणि मग मुलाखतीला बोलावल्याचा मेल आला. तोही तिनं एकटीनंच वाचला. वाचून झाल्यावर शेळीपाशी जाऊन उगाच तिची मान खाजवत बसली.

मुलाखत मोबाइलवर होणार होती. घरात ते जमण्यासारखं नव्हतं. सास्तुरात दिवसा दार लावलं की माणसं बाहेरून विचारतात, कोण आजारी हाय का. दार उघडं ठेवलं तर शेजारची हरणाबाई आत येऊन मोबाइलमधल्या माणसाला 'जेवला का' म्हणून विचारणार, ह्याची खात्री. म्हणून दुपारी बाप जेवून आडवा झाल्यावर तिनं त्याला गाडीची किल्ली मागितली. "पुस्तक वाचत बसते, घरात कालवा हाय." दुपारी जीप गावाबाहेर फेरीच्या थांब्याला, रेंज येते त्या वळणाला उभी असायची. काचा वर करून, स्टिअरिंगला मोबाइल टेकवून, सलवार-कमीजवर वर्गातला काळा कोट घालून ती बसली.

समोर तिघं होते. दोघं इंग्रजीतून विचारत होते. तिची वाक्यं निघायची, मधेच अडायची. मग त्यांच्यातली बाई म्हणाली, "क्षमा, मराठीत सांग. आम्हाला कळतं." त्यानंतर ती कितीतरी वेळ बोलली. एका प्रश्नाला तिनं सरळ सांगितलं, "हे मला माहीत नाही. पण कुठं शोधायचं ते माहीत आहे." ती बाई हसली. हसणं चांगलं होतं. तुला काय वाटतं, असं तिला त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं, आणि उत्तर संपेपर्यंत थांबून ऐकलं होतं.

शेवटी बाईंनी विचारलं, "आमच्याकडे कुणाच्या ओळखीतून आलीस का?"

"नाही मॅडम. वेबसाइटवर बघून."

"छान. ओळखीचे फोन आले की आम्ही तो अर्ज बाजूलाच ठेवतो. बरं झालं तू तशी आली नाहीस."

त्या संध्याकाळी जीपमधल्या माणसांनी मच्छिंद्रला घेरलं. महांतप्पा नावाचा एक म्हातारा पुढच्या सीटवर बसायचा, तो म्हणाला, "मच्छिंद्रा, तुझी पोरगी काचा लावून गाडीत विंग्रजीत कुनासंगं बोलायली व्हती रं? जावई लंडनचा केला का काय?" मागची माणसं खदाखदा हसली. मच्छिंद्रही हसला, पण घरी आल्यावर त्यानं मफलर सोडायच्या आधी विचारलं. मग क्षमानं सगळं सांगितलं. अर्ज, मुलाखत, पुणं, फर्मचं नाव. बाईंचं ते शेवटचं बोलणं तेवढं तिला सांगावंसं वाटलं नाही. बापाला ते उगाच लागलं असतं.

सगळं ऐकून मच्छिंद्र म्हणाला, "आन् एवढ्या लांब कुनाला काय न बोलता तशीच गेलीस?"

"तिथं मुलाखतीवर घेतात, आप्पा."

"समदीकडं तसंच म्हनत्यात, बाय." त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाप मेला न्हाई अजून."

तिला वाटलं, लाडानं बोलला.

पुढचे दिवस ती मोबाइल घेऊन त्या वळणापर्यंत जाऊन यायची. रस्त्यावरून ओळखीची माणसं मोटारसायकलवर जायची, "काय गं, कुनाची वाट बघायलीस?" म्हणायची, आणि ती म्हणायची, "कुनाची न्हाई." मनात मात्र तिनं जाऊन आल्यासारखं सगळं रचून ठेवलं होतं. कुठल्या मावसबहिणीकडं राहायचं, कुठली ओढणी न्यायची, त्या बाईंना पहिल्या दिवशी काय म्हणायचं. हे सगळं बोलायला माणूस नव्हतं. घरात माणसं होती, आणि ती तिच्यावर जीव टाकायची, पण ह्या गोष्टीत तिच्याजवळ कुणी नव्हतं.

मेल आला तो त्या वळणावरच. लहान होता. त्यात लिहिलं होतं: मुलाखतीत आपण कुणाच्याही ओळखीतून आलो नसल्याचं सांगितलं होतं. त्यानंतर आपल्यासाठी आमच्याकडे दोन फोन आले. त्यामुळं आपला अर्ज विचारात घेता येत नाही. खाली त्या बाईंचंच नाव.

तिला आधी वाटलं, हा दुसऱ्या कुणाचा मेल आहे. कुठले फोन? कुणाचे? ती पुन्हा पुन्हा वाचत घरी आली. नाही म्हणाले ह्याचं दुःख होतंच, पण त्याच्या वर हे बसलं होतं, की तिकडं ती बाई आता आपल्याला खोटारडी समजते.

तिन्हीसांजेला मच्छिंद्र हातात गरम भज्यांचा पुडा घेऊन आला. आल्या-आल्या बायकोला म्हणाला, "मुक्ते, लेकीचं काम फत्ते समज." मग क्षमाकडं वळून, "सांगनार नव्हतो, पर राहवना. राजपालला बोललो."

राजपाल म्हणजे त्याच्याबरोबर शाळेत असलेला, कोर्टात बेलीफ म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला.

"त्यानं वळखीच्या एका वकिलाला सांगून पुन्याला फोन लावला. आन् एकदा सोता बी बोलला. म्हनला, आपल्या घरची पोरगी हाय, संभाळून घ्या. राजपाल एरवी कुनासाठी बोलत न्हाई बरं का! चार दिस म्या त्याच्या मागं लागलो."

क्षमानं हातातलं भजं तसंच धरून ठेवलं. बापाच्या तोंडावर असा आनंद होता, की जणू त्यानं स्वतःच्या हातानं तिला पुण्याच्या गाडीत बसवलं.

"आलं का गं काही तिकडनं?" त्यानं विचारलं.

"आलंय, आप्पा. न्हाई म्हनले."

"का?"

तिनं भजं पुड्यात परत ठेवलं. "जागा भरल्या."

"आन् आपला शब्द?"

"शब्द पोचला तुमचा."

"पोचला न्हवं? मंग बास." मच्छिंद्रनं मान हलवली. "जागाच न्हाई तर त्यो तरी काय करील. पुढच्या खेपेला आधीच बोलू. राजपालला आत्ताच सांगून ठिवतो." त्यानं खिशातून मोबाइल काढला.

"नको!"

मुक्ताबाईनं चुलीवरून वर बघितलं. एवढ्या जोरात क्षमा कधी बोलली नव्हती.

"नको, आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली. "पुढच्या खेपेला मी एकटीच बगते. कुनालाच बोलू नका. माझ्या गळ्याची शपथ हाय."

मच्छिंद्रनं मोबाइल खिशात ठेवला. त्याला काही समजलं नव्हतं. "बरं," तो म्हणाला. "शिकल्यात लोकं. बापाचा शब्द लाजिरवाणा वाटायलाय." पण हे तो रागानं म्हणाला नाही. भज्यांचा पुडा तिच्याकडं सरकवून तो अंगणात जाऊन शेळीजवळ उभा राहिला.

जाऊन सांगावं, असं तिला वाटलं. पण सांगितलं असतं तर ह्या माणसानं उद्यापासून जीपमध्ये कुणासाठी तोंड उघडलं नसतं.

ती मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसली आणि त्या बाईंना लिहायला लागली. आधी लिहिलं, माझ्या वडिलांनी मला न विचारता. 'माझ्या वडिलांनी' ह्या शब्दांकडं ती बघत राहिली आणि तिनं सगळंच पुसलं. मग लिहिलं: "मॅडम, ते फोन माझ्या घरातून सुरू झाले. मला आज कळलं. तुम्ही विचारलं तेव्हा मी खरं बोलले होते. अर्जाचं तुम्ही ठरवलं ते मान्य आहे. एवढं एक तुम्हाला माहीत असावं." दाराबाहेर जाऊन मोबाइल उंच धरला तेव्हा कुठं एक दांडी रेंज आली आणि ते गेलं. उत्तर येईल असं तिला वाटत नव्हतं, तरी ती मोबाइल धरून उभी राहिली.

"क्षमे!" आतून मुक्ताबाई ओरडली. "नळ आला! घागरी कुठं हायत? हरणाबाईनं मोटार लावली का आपल्याला थेंब मिळायचा न्हाई!"

तिनं मोबाइल खिडकीत ठेवला, ओढणी कंबरेला खोचली आणि पहिली घागर नळाखाली धरली. पाणी आधी गढूळ आलं. तिनं ते सांडून दिलं, घागर विसळली आणि पुन्हा लावली.