एका फळीतलं आरमार

चार माणसं महिनोन्महिने एका टेबलाभोवती बसली की किस्से आपोआप जमतात. लाजाळू माणसाकडे तर जास्तच, कारण तो ते खर्च करत नाही!

आमचं ऑफिस म्हणजे नागपूरच्या सदर भागातल्या दोन खोल्या. निवृत्त कमांडरसाहेब नौदलाला पुढच्या पंधरा वर्षांत कोणती जहाजं हवीत, याचा आराखडा करत होते. दिल्लीच्या समितीला तो पटला तर ऑफिस राहणार, नाही तर टाळं. मी आठवीत शाळा सोडलेला सुतार. नमुन्याची जहाजं बनवायचो.

"नागपुरात आरमार?" असं कुणी विचारलं की साहेब म्हणत, "दोन्ही समुद्र इथून लांब. कुणाची बाजू घ्यायचा प्रश्नच नाही!"

* * *

साहेबांचा एक नियम होता. एक सागवानी फळी म्हणजे सरकारचा सगळा पैसा. प्रत्येक जहाज तिच्यातूनच कापायचं.

पहिल्याच दिवशी ड्राफ्ट्समन गजाननरावांनी फळीवर भलंमोठं विमानवाहू जहाज आखलं. साहेब म्हणाले, "काप."

मी कापलं. उरलेल्या तुकड्यात जेमतेम दोन गस्तीच्या बोटी निघाल्या.

साहेबांनी विचारलं, "आता ह्याचं रक्षण कोण करणार?"

गजाननराव म्हणाले, "बंदरातच ठेवू ना जी!"

* * *

एक मिसाइल बोट आम्ही कन्हान नदीत सोडून पाहिली. सोडताक्षणी आडवी! काठावरचा म्हातारा नावाडी म्हणाला, "डोक्यावर एवढं वझं काहून देलं गा तिले?"

परत येताना साहेबांनी जीपमध्येच आराखड्यातली एक तोफ आणि अर्धा मनोरा खोडला.

* * *

एका फ्रिगेटवर मी जीवरक्षक होड्या लावल्या नव्हत्या. इतकं बारीक काम कोण बघतंय!

साहेबांनी जहाज हातात घेतलं. "दोनशे माणसं कशात बसणार?"

गजाननराव हसले. "लाकडाचं हाये साहेब!"

साहेब हसले नाहीत. "आमचं जहाज बुडालं तेव्हा माझ्या बाजूची होडी खाली उतरलीच नाही."

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी तांदळाएवढ्या आठ होड्या चिकटवल्या. डबा तसाच राहिला.

* * *

टायपिस्ट शांताबाई मोडीत काढायच्या जहाजांची यादी टाइप करत होत्या. मशीन एकदम थांबलं.

"साहेब, या तिसऱ्या जहाजावर माहा पोरगा हाये."



"मोडीत काढा, माहं काही म्हणणं नाही. पण तोवर त्याची डागडुजी कोण करन?"

साहेबांनी यादीतलं तिसरं नाव बोटानं शोधलं. मग म्हणाले, "बाई, नवा परिच्छेद घ्या. डागडुजीचा."

* * *

शेवटी समिती आली. तिचे प्रमुख मूळचे पुण्याचे, राहायला दिल्लीला. एका फळीतून काढलेली आमची आठ जहाजं त्यांनी पेन्सिलीनं एका बाजूला सारली.

"मोठी जहाजं हवीत कशाला? एवढ्याच लाकडात चाळीस छोट्या बोटी होतात. सरळ भागाकार आहे!"

साहेबांचा चेहरा उतरला. गजाननराव हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "गेलं गा ऑफिस."

प्रमुखांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "दुसरी फळी आण. काप."

मी आखून कापायला बसलो. दीड तास खोलीत फक्त करवतीचा आवाज. शांताबाई बोटं मोडत होत्या. छत्तीस बोटी झाल्या आणि फळी संपली.

"चार कुठं गेल्या? मापात चुकलास."

 मी खाली बसलो, फरशीवरचा सगळा भुसा हातांनी गोळा केला आणि त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला.

"साहेब, त्या चार ह्या भुशात गेल्या. जितके काप, तितकं लाकूड करवत खाते."

प्रमुखांनी चिमूटभर भुसा बोटांत चोळून पाहिला. शेजारच्या सभासदाकडे पाहिलं. मग बाजूला सारलेली आठ जहाजं एकेक करून पुढं ओढली आणि साहेबांना म्हणाले, "बसा कमांडर. पहिल्यापासून सांगा."